एन्क्रिप्टेड लॅपटॉप देऊन टाकताना: किल्ली नष्ट करायची की डिस्क पुसायची?

लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये द्या नाहीतर भाच्याला कॉलेजसाठी द्या, डिस्क एन्क्रिप्टेड (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही अशी) असेल तर मुख्य वाटा दोनच. एन्क्रिप्शनची किल्ली नष्ट करायची किंवा अख्खी डिस्क पुसायची. माझं मत आधीच सांगतो. एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपांची डिस्क) असेल तर किल्ली नष्ट करा आणि वर डिस्कचा स्वतःचा इरेज आदेश चालवा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एकदा पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काही लिहा, पुरे.

किल्लीची वाट सगळ्यात झटपट. लिनक्सवर लक्स (तिथली डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) वापरत असाल तर पासफ्रेजने, म्हणजे तुमच्या लांब पासवर्डने, डेटा थेट बंद होत नाही. डेटाची खरी किल्ली वेगळी असते आणि ती डिस्कच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, पासफ्रेजने बंद करून ठेवलेली असते. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप प्रोग्रामचा इरेज आदेश तिथले सगळे की-स्लॉट, म्हणजे किल्ली ठेवायचे कप्पे, पुसतो. डिस्क कितीही मोठी असो, काम सेकंदांत होतं. हेडरचा बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवला असेल तर तोही पुसा. तो आणि पासफ्रेज हाती लागला तर डिस्क पुन्हा उघडते.

या वाटेला एक अट आहे आणि लोक नेमकी तीच विसरतात: डेटा पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड हवा. अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेची 2014 ची मार्गदर्शिका हेच सांगते. एन्क्रिप्शन सुरू होण्याआधी डिस्कवर खाजगी माहिती साध्या रूपात असेल तर नुसत्या किल्लीवर भिस्त ठेवू नका.

विंडोजवर हे तपासता येतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'मॅनेज-बीडीई' ला (विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनचा आदेश) स्टेटस विचारा. 'यूज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड' असं दिसलं तर एन्क्रिप्शन सुरू होण्याआधी डिलीट केलेल्या फायलींचे अवशेष रिकाम्या जागेत उघडे पडलेले असू शकतात. 'प्रोटेक्शन ऑफ' दिसलं तर आणखी वाईट: डेटा एन्क्रिप्टेड असूनही किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असू शकते.

आता पुसण्याकडे वळू. 1996 सालच्या पीटर गटमन यांच्या निबंधातल्या ओव्हरराइटच्या 35 फेऱ्या लोक अजून उगाळतात, पण आजच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरते. एक टेराबाइटला साधारण दोन-तीन तास धरा. एसएसडीवर मात्र ही मेहनत अर्धवट ठरते. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडीमधली कंट्रोलर चिप डेटा हलवत राहते आणि काही जागा सिस्टीमला दिसतच नाही. जुन्या हेडरची प्रतही अशाच कोपऱ्यात उरू शकते, म्हणून पासफ्रेज कच्चा असेल तर किल्लीची वाटही एकटी पुरत नाही.

त्या कोपऱ्यांपर्यंत फक्त डिस्कचा स्वतःचा आदेश पोचतो: डिस्क साटा जोडणीची असेल तर सिक्युअर इरेज, एनव्हीएमई जोडणीची असेल तर फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. डेल आणि एचपीच्या अनेक लॅपटॉपांत हा पर्याय बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) मिळतो. पण त्यावरही डोळे झाकून विसंबू नका. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये काही एसएसडी तपासल्या, तेव्हा एकीने 'पुसलं' असं कळवलं आणि डेटा मात्र जसाच्या तसा होता. म्हणूनच मी दोन्ही करा म्हणतो. एक फसलं तर दुसरं असतं.

विंडोजच्या रिसेटमध्ये 'क्लीन डेटा' चालू केलं नाही तर फायली नीट पुसल्या जात नाहीत. चालू केलं तरी ते वरच्या दोन्हींची जागा घेत नाही. अ‍ॅपलची टी2 सुरक्षा चिप किंवा अ‍ॅपल सिलिकॉन (अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर) असलेल्या मॅकवाल्यांचं सोपं आहे: मॅकओएसच्या मॉन्टरे आवृत्तीपासून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' किल्लीच नष्ट करतं. हरवलेला मॅक शोधणारं 'फाइंड माय' बंद झालं ना, एवढं बघा.

हे झालं की लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्ससारखी सिस्टीम चालते) लॅपटॉप चालू करा आणि डिस्कवर जुनं पार्टिशन दिसतं का ते पाहा. डिस्क आदेशच घेत नसेल तर ती काढून स्वतःकडे ठेवा आणि लॅपटॉप बिनडिस्कचा द्या. एम.2 एसएसडी बहुधा एकाच स्क्रूवर बसवलेली असते.