जपानमधला एकच रेल्वे लेआउट पाहायचा असेल, तर कुठला?

जपानच्या सहलीचा आपल्याकडचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो: टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका आणि मध्ये शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, एक प्रवास. त्यात मॉडेल रेल्वेसाठी अर्धा दिवस मागितला की घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दुसरा अर्धा दिवस मिळण्याची आशाच नको. म्हणून निवड आधीच करून ठेवलेली बरी. लेआउट म्हणजे रूळ, छोट्या गाड्या आणि भोवतीचा छोटा देखावा मिळून केलेली मांडणी. चार मोठे, बारमाही लेआउट समोर आहेत, चारही संग्रहालयांतले: ओमिया, नागोया, क्योटो आणि योकोहामा. पाचवा पर्याय फक्त ऑगस्टात असतो, त्याच्याकडे नंतर येतो.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. देखावा पाहायचा असेल तर नागोया, गाडी पाहायची असेल तर योकोहामा. या दोन वेगळ्या आवडी आहेत आणि आपली कुठली हे ठाऊक नसलेला माणूस हमखास चुकीच्या शहरात उतरतो.

नागोयाचं संग्रहालय जेआर सेंट्रल या रेल्वे कंपनीचं. मार्च २०११ मध्ये सुरू झालं. नागोया स्टेशनवरून आओनामी लाइनने साधारण २५ मिनिटांत शेवटच्या किंजोफुतो स्टेशनला पोचलं की ते समोरच. आतला लेआउट २०० चौरस मीटरहून मोठा आहे. टोकियो, नागोया, ओसाका ही शहरं आणि मधला तोकाइदो शिंकान्सेनचा पट्टा त्यात बसवलाय. रेल्वेचे २४ तास हा त्याचा विषय. सकाळ होते, फलाट भरतात, संध्याकाळी खिडक्या उजळतात, रात्र पडते. या रात्रीसाठी तरी थांबाच. खऱ्या शिंकान्सेनही मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत धावत नाहीत, रुळांची देखभाल तेवढ्या वेळात उरकतात. हे माहीत असलं की लेआउटवरचा अंधार केवळ दिव्यांचा खेळ वाटत नाही.

बारकावे शोधायचे तर नजर गाडीवरून काढून गल्ल्यांत, गच्च्यांवर, पुलांखाली न्यावी लागते. जपानी लेआउटवाल्यांची खरी हौस तिथे दिसते. छपराचं कौल, भिंतीवरचा ओघळ, फाटकाशी ताटकळलेला सायकलवाला. दुरून यातलं काही दिसत नाही, म्हणून एका जागी उभं न राहता कडेकडेने फिरावं.

एक गोष्ट मात्र कुठलाही लेआउट खरी करू शकत नाही. तोकाइदो शिंकान्सेनच्या मार्गावर वळणाची त्रिज्या साधारण २,५०० मीटरच्या खाली जाऊ दिलेली नाही. १:८७ या प्रमाणात तेच वळण घ्यायचं म्हटलं तर त्रिज्या जवळजवळ २९ मीटर होते, म्हणजे एका वळणासाठीच दालन अपुरं पडेल. १६ डब्यांची खरी गाडी ४०० मीटरची असते, मॉडेलमध्ये ती साडेचार मीटरच्या वर जाते. एवढी लांब गाडी तंग वळणावर आली की डब्यांमधले कोन उघडे पडतात आणि सगळी जादू ओसरते. त्यामुळे गाडी सरळ रुळांवर असताना पाहावी. वळणं बोगद्यात, डोंगरामागे किंवा इमारतींआड कशी दडवली आहेत, हे शोधण्यातही मजा आहे.

प्रमाणाचा आणखी एक जपानी तिढा आहे. शिंकान्सेनचे रूळ १,४३५ मिमी रुंदीचे, जुन्या मार्गांचे बहुतेक १,०६७ मिमी. मॉडेलचे १६.५ मिमी रूळ १:८७ या प्रमाणात शिंकान्सेनला चपखल बसतात. जुन्या मार्गांवरच्या साध्या गाड्या मात्र त्याच रुळांवर १:८० प्रमाणात धावतात, तेव्हा रूळ तीनेक मिलिमीटर जास्त रुंद पडतात. यावर नाकं मुरडून काही कट्टर मंडळी खास १३ मिमी रूळ टाकतात. पाहणाऱ्याला फरक सहसा कळत नाही. गाडीकडे समोरून पाहिलं तर कळतो, आणि एकदा कळला की मग डोळ्यांत खुपत राहतो.

आता योकोहामा. हारा मॉडेल रेल्वे म्युझियम जुलै २०१२ मध्ये उघडलं. नोबुतारो हारा (१९१९–२०१४) या इंजिनिअरने आयुष्यभर बनवलेल्या आणि जमवलेल्या गाड्या इथे आहेत. कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना जात ओळखू येईल: कंपनीने नव्हे, एका माणसाच्या वेडाने उभं केलेलं. हाराचं प्रमाण मात्र अवाढव्य आहे. १:३२ आणि ४५ मिमी रूळ, त्यामुळे २० मीटरचा डबा इथे ६० सेंटिमीटरच्या वर भरतो. मुख्य लेआउट ३०० चौरस मीटरच्या आसपास पसरलेला आहे.

पण खरा फरक आकारात नाही. इथे चाकं आणि रूळ दोन्ही लोखंडाचे आहेत, त्यामुळे सांध्यांवरून जाताना गाडी खऱ्या गाडीसारखी वाजते. विजेच्या गाड्या पँटोग्राफने, म्हणजे छपरावरच्या दांड्याने, वरच्या तारेतून वीज घेतात. इतर बहुतेक लेआउटवर तारा असल्या तरी शोभेच्याच, वीज रुळांतून येते. शिवाय वीज तोडली तरी गाडी लगेच थांबत नाही. साध्या मॉडेलमध्ये मोटर आणि चाकं यांच्यात वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, असतो. वीज तोडली की तो चाकांना अडवतो आणि गाडी खाडकन थांबते. हारांनी चाकं मोकळी फिरतील अशी गिअरची रचना केली, म्हणून वीज बंद झाल्यावरही गाडी आपल्या वजनाने पुढे जात राहते आणि सावकाश थांबते. फलाटाला लागणारी लोकल रोज पाहणाऱ्या मुंबईकराला यातलं सुख समजावून सांगावं लागणार नाही.

उणीव मोठी आहे, तीही सांगतो. मुख्य लेआउटचा देखावा युरोपच्या धर्तीचा आहे आणि त्यावरच्या कितीतरी गाड्याही युरोपातल्याच. भाताची खाचरं, देवळांची छपरं शोधत गेलात तर हिरमोड होईल. योकोहामा शहराचा वेगळा, लहान प्रमाणाचा देखावा तिथे आहे, पण निव्वळ त्यासाठी वाट वाकडी करू नये.

ओमिया आणि क्योटो थोडक्यात. ओमियाचं रेल्वे संग्रहालय २००७ चं, त्याचा लेआउट २०१७ मध्ये नव्याने केला. टोकियोहून जवळ, कर्मचारी गाड्या चालवत निवेदन करतात, बसून पाहायची सोय आहे. निवेदन जपानीत असतं, पण लहान मुलांना त्याने काही अडत नाही. मुलं बरोबर असतील तर चौघांत हेच सोयीचं. क्योटोचं संग्रहालय २०१६ चं. लेआउट सुमारे ३० मीटर रुंद, १० मीटर खोल, प्रमाण १:८०. तो दिमाखदार आहे, मात्र नागोयासारखी स्वतःची कहाणी त्याला नाही. शिवाय बाहेरच १९१४ ची २० रुळांची, पंख्याच्या आकाराची इंजिन शेड आहे. तिथली खरी वाफेची इंजिनं पाहून आलं की आतला लेआउट फिका पडतो. टोकियोच्या आरियाकेत स्मॉल वर्ल्ड्स नावाची जागाही आहे. तिथे स्वतःची १:८० प्रमाणातली बाहुली करून लेआउटवर उभी करता येते. गमतीला ठीक, पण रेल्वे तिथे दुय्यम.

राहिला ऑगस्ट. हायस्कूलच्या मुलांची मॉडेल रेल्वे स्पर्धा तेव्हा टोकियोत भरते. गाड्या एन गेजच्या, बहुतेक १:१५० प्रमाणातल्या, रूळ अवघे ९ मिमी. शाळा लेआउटचे ठरावीक मापाचे तुकडे बनवून आणतात, आणि एका तातामीवर (जपानी चटईवर), म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फुटांत, पूर्ण लेआउट करण्याचाही एक गट असतो. संग्रहालयांना मोठं दालन भरायचं असतं. या पोरांना हातभर जागेत आपल्या गावचं स्टेशन, एखादी खाडी, एखादा पूल नेमका पकडायचा असतो. बारकाव्यांची भूक असेल तर ऑगस्टात मी नागोयासुद्धा सोडून इथे जाईन. उकाडा मात्र मे महिन्यातल्या मुंबईची आठवण करून देतो.

वर्षभर मिळणारा छोटा पर्याय म्हणजे तासावर भाड्याने मिळणारे लेआउट. जपानी घरं लहान, म्हणून लोक आपापल्या गाड्या पेटीतून दुकानात आणतात आणि तिथल्या रुळांवर चालवतात. बाजूला उभं राहून पाहायला सहसा कुणी हरकत घेत नाही. टोकियोच्या अकिहाबारात अशी दुकानं सापडतात. अर्धा दिवसही मिळाला नाही तर तासाभरात भागतं.

टोकियोहून क्योटोला शिंकान्सेनने जाणारच असाल तर नागोया वाटेतच आहे. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, लेआउट पाहा आणि संध्याकाळची गाडी पकडा. वार तेवढा बघून ठेवा. ओमिया, नागोया आणि हारा ही तिन्ही सहसा मंगळवारी बंद असतात, क्योटो बुधवारी. हाताशी फक्त मंगळवार असेल तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवून क्योटोचं तिकीट काढा.