मातीचे सुळके: घर बंद असताना कुंड्यांना पाणी

घ्यावेत का? घ्या, पण सगळ्या कुंड्यांसाठी नकोत. भाजलेल्या मातीचा हा पोकळ सुळका कुंडीत खोचायचा नि त्यावर पाण्याची बाटली उलटी बसवायची. माती सच्छिद्र असते. कुंडी सुकली की ती सुळक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढणं मंदावतं. झाडाशेजारी मडकं पुरायची जुनीच युक्ती, फक्त आकार लहान.

प्रवासाहून परतले, बॅगा दारातच टाकल्या नि आधी बाल्कनी गाठली. जास्वंदाची बाटली ठणठणीत रिकामी, पण पानं ताठ, वर एक कळीसुद्धा! मनी प्लांटची बाटली निम्मीही उतरली नव्हती. कोरफडीला मात्र हे लावूच नका, मुळं कुजतील.

तक्रार आहे ती पांढऱ्या थराची. जड पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि झिरपणं कमी होतं. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासला, तेव्हा बराचसा निघाला. सोबतच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही. नवा सुळका कोरडा खोचू नका, आधी भिजवा. बाटली पातळ असेल तर आत चेपते, म्हणून बुडाला बारीक भोक पाडा.



जास्वंदासाठी आता मोठी बाटली शोधतेय.