कुक की शॉर्ट? युद्ध, व्हिप आणि सात मिनिटं

पुतणीला वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय आलाय, ‘युद्धाचा निर्णय : पक्षनिष्ठा की स्वतःचं मत?’ वेळ सात मिनिटं. कोल्हापुरात रंकाळ्यावर चहा घेता घेता तिनं वही पुढं केली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं रॉबिन कुक, उजवीकडं क्लेअर शॉर्ट. “काका, एकच घ्यायचाय. कुणाला घेऊ?” परीक्षक म्हणून बसून माझे कान किटलेत, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथं मांडतो.

काळ दोघांचा एकच. मार्च २००३. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार, टोनी ब्लेअर पंतप्रधान, आणि अमेरिकेसोबत इराकवर चालून जायची तयारी. दोघंही ब्लेअर यांचे मंत्री, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मंजुरीशिवाय हे युद्ध दोघांनाही नको होतं.

कुक सोपे आहेत. १७ मार्चला राजीनामा, त्याच रात्री मागच्या बाकावरून भाषण. माणूस चार वर्षं परराष्ट्रमंत्री राहिलेला, त्यामुळं ‘इराककडं तसली संहारक अस्त्रं बहुधा नाहीतच’ हे त्यांच्या तोंडून आलं की वजन पडायचं. भाषण संपल्यावर सभागृहात टाळ्या झाल्या, काही सदस्य उभे राहिले. तिथं टाळ्या वाजवायची रीत नाही. शिवाय त्याच भाषणात त्यांनी ब्लेअर यांची तारीफ केली, नेतेपदी तेच राहावेत असंही सांगितलं. पक्ष सोडला नाही, फक्त खुर्ची सोडली. बक्षीस हवं असेल तर कुकच घ्या.

पण शॉर्टबाई बघा. ९ मार्चला रेडिओवर त्यांनी स्वतःच्याच पंतप्रधानांचं धोरण बेदरकार म्हटलं, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मंजुरीविना युद्ध झालं तर मंत्रिपद सोडीन, हेही सांगून टाकलं. नवव्या दिवशी, १८ मार्चला, मतदान झालं. युद्धाला मंजुरी देणारा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत. युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही, अशा दुरुस्तीच्या बाजूनं मजूर पक्षाचेच १३९ खासदार व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, झुगारून उभे राहिले होते. शॉर्टबाई त्यांत नव्हत्या. त्या सरकारच्या बाजूनं होत्या. कारण दिलं की युद्धानंतर इराकच्या उभारणीचं काम आहे. राजीनामा आला १२ मे रोजी, बगदाद पडून महिना झाल्यावर.

आता गंमत अशी, की याच बाईंनी १९९१ च्या आखाती युद्धावरून पक्षातलं पद सोडलं होतं. म्हणजे भित्र्या नव्हत्या. मग २००३ मध्येच काय झालं? आंतरराष्ट्रीय विकास खातं हातात होतं, आतून काही करता येईल असं वाटलं असावं. पुतणी म्हणाली, “म्हणजे आपल्या भागातल्या कार्यकर्त्यासारखंच की!” मला हेच हवं होतं. आपल्याकडं एकवेळ पक्ष बदलतो, गट बदलत नाही. कोल्हापूरची २०१९ ची लोकसभा निवडणूक ‘आमचं ठरलंय’ या दोन शब्दांच्या घोषणेवर रंगली. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारायची पद्धत नाही. कुकचं भाषण ऐकून इथला श्रोता टाळ्या वाजवेल. शॉर्टबाईंची गोष्ट ऐकून चुळबुळेल.

तिसरं नाव हवंच असेल तर अमेरिकेचे सिनेटर फुलब्राइट. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक देणारा टॉन्किन ठराव त्यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांसाठी सिनेटमधून पार पाडला, ८८ विरुद्ध २. निवडणूक तोंडावर होती. दोन वर्षांत तेच त्या युद्धाची जाहीर सुनावणी घेत होते. माणूस भारी आहे, पण सात मिनिटांत मावत नाही.

परीक्षक प्रश्न विचारणारच, “आपल्याकडचं उदाहरण?” तयार ठेवा महावीर त्यागी. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात १९६५ च्या युद्धात जिंकलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड पाकिस्तानला परत द्यायचं ठरलं आणि या काँग्रेसच्या मंत्र्यानं राजीनामा दिला. त्या वाटाघाटींना शास्त्रीजींबरोबर संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते, हे विसरलात तर कोल्हापुरात कुणीतरी आठवण करून देईलच. त्यागींचं मत युद्धाविरुद्ध नव्हतं, उलट जिंकलेलं सोडू नये असं होतं. मताला जागणारा माणूस शांततावादीच असतो, हा समज त्यानं मोडतो.

दुसरा प्रश्न राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा. कुकनी सरकारविरुद्ध मत दिलं तरी खासदारकी शाबूत राहिली. आपल्याकडं १९८५ पासून व्हिप मोडला आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्वच जाऊ शकतं. म्हणजे इथल्या खासदाराला ‘कुक का झाला नाहीस’ असं विचारताना त्यानं काय पणाला लावायचं होतं, तेही सांगावं लागतं. ‘बिंदू चौकात या’ असं कोल्हापुरी आव्हान देणं सोपं असतं.

पुतणीनं डावी बाजू खोडली. मोबाईलवर वेळ लावून पहिली तालीम तिथंच झाली, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. रेडिओच्या मुलाखतीपासून सुरुवात कर, १९९१ चं शेवटी आण, म्हटलं. फुलब्राइट मात्र तिला अजून सोडवत नाही.