जुनी टॅपेस्ट्री टांगायची कशी: वेल्क्रो की दांडी?

डायना किंवा अपोलो या रोमन देवतांच्या कथेची हातमागावरची जुनी युरोपीय टॅपेस्ट्री (विणूनच चित्र काढलेला भिंतीवरचा पट) बहुधा आडवी, म्हणजे चित्र कुशीवर ठेवून, विणलेली असते. भिंतीवर टांगली की ताणा (मागावर ताणलेले मूळ धागे) आडवा येतो आणि सगळा भार बाण्यावर, म्हणजे त्यांत विणलेल्या रंगीत धाग्यांवर, पडतो. दोन रंग जिथे भेटतात तिथल्या फटीही आडव्याच. त्या शिवणारे टाके कुजले असतील तर वजनाने त्या उघडतात. देवतेच्या ओठाखाली किंवा पापणीवर हे आधी दिसतं. म्हणून टांगण्याची पद्धत नीट ठरवायला हवी.

दांडीसाठी वरच्या कडेला मागून खोळ शिवायची आणि दांडी ओवायची. काम सोपं, पण रुंद पटाला दांडी मधे वाकते, कापडाला झोळ येतो. उघडी लाकडी दांडी तर नकोच. लाकडातलं आम्ल धाग्यात उतरतं.

वेल्क्रोला मेहनत जास्त. वेल्क्रोची ५ सेंटीमीटर रुंद मऊ पट्टी आधी सुती नाडपट्टीवर मशीनने शिवा, मग ती पटाच्या वरच्या कडेला हाताने, टाके ताण्याच्या धाग्यांभोवती घेत. वेल्क्रोची दुसरी, बारीक हुकांची पट्टी लेप देऊन सीलबंद केलेल्या लाकडी फळीवर. गोंद कुठेच नको. भार कडेवर सारखा पडतो, एखादा कोपरा ओढला तर तेवढाच सोडवून पुन्हा लावता येतो आणि आग लागल्यास पट झटकन उतरतो.

मोठ्या, जड पटाला वेल्क्रोच. दांडी लहान, धडधाकट तुकड्यापुरती ठीक.

अस्तर दोन्हींत हवं: आधी धुऊन आटवलेलं सुती, खालून मोकळं.