बॉनेट गरम होतं, आणि मी खूश झालो

आधी आकडा सांगून टाकतो: ८,७३,१६० रुपये. एवढे पैसे मी एका जुन्या जर्मन टर्बो पेट्रोल गाडीत घातले. त्यातले पावणेदोन लाख तरी निव्वळ माझ्या मूर्खपणाचे आहेत. बायकोच्या मते सगळेच.

गाडीचं आणि व्यापाऱ्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. कंपनी कुठली, हे विचारून काही उपयोगही नाही. माझी तक्रार कंपनीवर कमी आणि मधल्या माणसावर जास्त आहे.

अजून एक लाजिरवाणी गोष्ट. मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे. २६ वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, काढली आहेत. चाकणला जर्मन गाड्या बनतात आणि मी तिथून तासाभरावर राहतो. मेहुणा तिथल्याच एका व्हेंडरकडे कामाला. म्हणजे फसायला खरं तर काही निमित्त नव्हतं. पण माझं काम पत्र्याचं, इंजिनाचं नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

किलोमीटर मागे घेणं, खोटं सर्व्हिस बुक, रंग मारून अपघात लपवणं हे प्रकार तुम्हालाही माहीत आहेत, मलाही होते. म्हणूनच मी तेच तपासत बसलो. दरवाजांच्या रबराखालचे वेल्ड पाहिले, डिक्कीचा तळ पाहिला, पिलरवर बोट वाजवून पाहिलं. पत्रा अस्सल निघाला. तिथेच माझी छाती फुगली आणि तिथेच मी संपलो.

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळचे साडेआठ, अंगात स्वेटर. व्यापाऱ्याने वेळ दिली होती दहाची, पण मला दम कुठला. गाडी नुकतीच धुतलेली, सगळीकडे पाण्याचे थेंब. छतावर थेंब, दारांवर थेंब, डिक्कीवर थेंब. बॉनेटचा मधला भाग मात्र कोरडा. मी हात ठेवला तर गरम. नुसता कोमटही नाही, हात ठेवून बरं वाटेल असा गरम. व्यापाऱ्याकडचा पोरगा म्हणाला, "साहेब, तुम्ही लवकर निघालात असा फोन आला ना, म्हणून जरा बाहेर काढून ठेवली." आणि मला वाटलं, किती अगत्य!

ज्याने २६ वर्षं हाताने पत्र्याचं तापमान ओळखलं, त्या माणसाने त्या सकाळी गरम पत्र्यावर हात ठेवला आणि त्याला अगत्य वाटलं. अजूनही रात्री जाग आली की तो तळहात आठवतो.

का गरम ठेवली होती, ते आता सांगतो. या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात चालवायला टायमिंग बेल्ट नसून चेन असते. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो. टेन्शनर किंवा चेन थकलेली असेल तर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट मारल्यावर एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते, डब्यात खिळे हलवल्यासारखी. मग तेल वर चढतं आणि आवाज गायब. दिवसातून एकदाच, तेही पहिल्या दोन सेकंदांत हे इंजिन खरं बोलतं. व्यापाऱ्याने ते दोन सेकंद मी पोचण्याआधीच उरकून घेतले होते. चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन राहत नाही, भंगार राहतं.

तेव्हा जुनी गाडी बघायला जाल तर सांगितलेल्या वेळेच्या आधी जा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर भांडू नका, "उद्या येतो" म्हणून निघा. उद्याही गरम असेल तर परवा जाऊच नका.

दुसरी खूण डिक्कीत होती. स्टेपनीशेजारी इंजिन ऑइलचा एक लिटरचा डबा, सील फोडलेला, अर्धा. मी विचारलं. पोरगा म्हणाला, "जर्मन गाडी आहे साहेब, लागतं थोडंफार." आणि हे अर्धं खरं होतं, म्हणूनच पचलं. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल खाणं चालतं असं मानतात, पुस्तकात तसं छापतातसुद्धा. फोक्सवॅगन-आउडीच्या ईए८८८ इंजिनांच्या सुरुवातीच्या पिढ्यांत पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक होत्या. तेल परत खाली जायची भोकं काजळीने बुजायची आणि तेल पेट्रोलबरोबर जळायचं. बीएमडब्ल्यूच्या एन२० इंजिनाची वेगळी गत, चेनच्या प्लास्टिकच्या गाइड झिजून तुकडे तेलात. अमेरिकेत या दोन्हींवरून गाडीमालकांनी सामूहिक दावे लावले आणि कंपन्यांना तडजोडी कराव्या लागल्या. यातलं बरंचसं मी गाडी घेतल्यावर वाचलं. घेण्याआधी मी मायलेज आणि सनरूफ वाचत होतो.

"जर्मन" या शब्दाचीच भूल. आमच्या आजीच्या घरी जर्मनची पातेली होती, म्हणजे ॲल्युमिनियमची. हलकी, स्वस्त, दोनदा पडली की पोचा. तेव्हा घरात जर्मन म्हणजे हलकं भांडं होतं. पन्नास वर्षांनी तोच शब्द ऐकून मी खिशातून चेकबुक काढलं.

गाडी चालवली तेव्हा तर कामच झालं. १,५०० आरपीएमला अशी ओढ की पाठ सीटला टेकते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, थकलेला नव्हता हे खरं, आणि त्या ओढीने मला आंधळं केलं हेही खरं. मीटरवर ६१,४०० किलोमीटर. सर्व्हिस बुकात ५८,९०० पर्यंत शिक्के. कोणीही विश्वास ठेवला असता. निदान मी स्वतःला असं सांगतो.

सांगितलेली किंमत ७,२५,०००. मी घासाघीस करून ६,६५,००० वर आणली आणि स्वतःला शहाणा समजलो. जागेवर टोकन २१,०००. बाकी आरटीजीएस. वर ट्रान्सफर आणि कागदांचे १४,५००, आणि सहा महिन्यांच्या "इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी"चे १८,०००. या वॉरंटीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की झिजणारे भाग, चेन, टेन्शनर आणि तेलाची खपत यात धरलेली नाही. इंजिनात झिजत नाही असं काय असतं? नंबर प्लेट?

माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने तपासणीचे ३,५०० मागितले होते. मी म्हणालो, पत्रा मी बघतो, इंजिन काय, नवंच दिसतंय. ते साडेतीन हजार वाचवले.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्टार्ट मारला आणि खडखड. दोन सेकंद. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय पडलं?" मी म्हणालो, काही नाही. खरंच मी तसंच म्हणालो. आठवडाभर रोज सकाळी रेडिओ मोठा करून स्टार्ट मारायचो. ७०० किलोमीटरवर तेलाचा दिवा लागला. एक लिटर घातलं. पुढच्या ६५० वर परत. ७८० चा एक असे चार डबे, ३,१२०. मग एके दिवशी इंजिन हलायला लागलं, दिवा लुकलुकला, आणि टोइंगचे ४,२०० देऊन ती मिस्त्रीच्या दारात गेली.

मिस्त्रीने तेल बोटावर घेतलं आणि हसला. "दादा, हे २०डब्ल्यू५० आहे. जाडजूड तेल. या इंजिनाला पातळ तेल लागतं." जाड तेल घातलं की जळणं काही दिवस कमी होतं आणि चेनचा आवाजही दबतो. म्हणजे गाडी विकेपर्यंतचं मलम. इनटेक व्हॉल्व्हवर काजळीचे थर होते. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. ती काजळी अक्रोडाच्या टरफलांची भरड मारून काढतात. माझ्या गाडीने घरातल्या कोणाहीपेक्षा महागडा अक्रोड खाल्ला.

कंपनीच्या वर्कशॉपने २,८४,००० सांगितले. मिस्त्रीने पिस्टन, रिंगा, चेन, टेन्शनर, सफाई धरून १,६८,३४० घेतले. बेरीज तुम्ही करा, पहिल्या ओळीत आहे.

पण कळस पुढे आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चासी नंबर टाकला की जुना इतिहास दिसतो. गाडी घेण्याआधी मी तिथे गेलो होतो, लिहून ठेवा, गेलो होतो! काउंटरवरची बाई म्हणाली, "आरसी तुमच्या नावावर नाही, दुसऱ्या ग्राहकाची माहिती देता येत नाही." नावावर झाल्यावर परत गेलो. शेवटची नोंद १,१८,७५२ किलोमीटर. म्हणजे गाडी किती चाललीय हे कळायचा हक्क मला ती विकत घेतल्यावरच मिळाला. यावर उपाय एकच: सध्याच्या मालकाला सोबत न्या किंवा त्याच्याकडूनच इतिहासाची प्रिंट मागा. तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं.

मग सुरू झाली माझी वारी.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदाराने अर्ज वाचला, परत वाचला आणि विचारलं, "गाडी चालते ना?" चालते. "मग फसवणूक कशी?" मी म्हणालो, मीटर मागे घेतलाय, पूर्वीचं कलम ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. तो म्हणाला, "तुम्ही वकील का?" नाही. "मग हे सिव्हिल मॅटर आहे." पोच द्यायलाही तयार नव्हता. तिसऱ्या खेपेला शिक्का मिळाला, तोही उलटा मारलेला. तिथून पुढे त्या अर्जाचं काय झालं, हे तो अर्जच जाणे.

आरटीओत सांगितलं, आरसीवर किलोमीटर लिहिलेले नसतात, आमचा संबंध नाही. मी विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला तुमचं अधिकारपत्र लागतं, याच्याकडे आहे का? त्यावर खिडकीतला माणूस माझ्याकडे असा बघायला लागला जणू त्याच्याच घरचं गुपित मी फोडलं. "ऑनलाइन बघा." ऑनलाइन कुठे? "साइटवर." साइट बंद. दुसऱ्या खिडकीवर गेलो, ती जेवायला. परत पहिल्या खिडकीवर आलो, ती पण जेवायला. या देशात फसवणाऱ्याला जेवायची सुट्टी नसते, बाकी सगळ्यांना असते. तुम्ही मात्र टोकन द्यायच्या आधीच व्यापाऱ्याकडे ते अधिकारपत्र मागा. भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं नसेल तर का नाही ते विचारा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. फी फक्त २०० रुपये, ही एकच स्वस्त गोष्ट या सगळ्या प्रकरणात. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. माझ्या पहिल्या तारखेला समोरचा आलाच नाही. दुसऱ्या तारखेला त्याच्या वकिलाने मुदत मागितली. तिसऱ्या तारखेला सदस्य रजेवर. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, एवढं ध्यानात ठेवा. आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका. माझ्याकडे त्या पोराचा "६१ हजार जेन्युइन आहे साहेब" हा मेसेज आहे. आज तोच माझा एकमेव साक्षीदार.

मी नंतर ९५० रुपयांना एक स्कॅनर घेतला. फोनला जोडला की गाडीच्या कंट्रोलरमधल्या, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरमधल्या, नोंदी दिसतात. दिवा लागत नाही म्हणजे बिघाड नाही असं नव्हे. कोणी कालच बिघाडाचे कोड पुसले असतील तर आतल्या तपासण्या "अपूर्ण" दिसतात, त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस चालवावी लागते. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्येही किलोमीटरची नोंद असते, आणि मीटर फिरवणारा ती बदलायला विसरतो. हे साडेनऊशे रुपये मी आधी खर्च केले असते तर... जाऊ दे.

लोक विचारतात, म्हणजे जर्मन टर्बो घ्यायचीच नाही का? मिस्त्रीच्याच दारात १,४०,००० चाललेली तशीच एक गाडी उभी होती, सकाळी चूपचाप सुरू होणारी. मालकाने पहिल्या दिवसापासून योग्य तेल, तेही कंपनीच्या मुदतीआधी बदललेलं. आणि सगळ्यांना चेन नसते. इथे मिळणाऱ्या फोक्सवॅगनच्या १.० लिटर टीएसआय इंजिनात बेल्ट आहे, तिथे चेनची भीती उगाच घालू नका. इंजिन वाईट नसतं असं मी म्हणत नाही. काही पिढ्या खरंच दुबळ्या होत्या. पण तो दुबळेपणा मला ठाऊक नव्हता आणि विकणाऱ्याला पाठ होता.

परवा त्याच व्यापाऱ्याची नवी जाहिरात दिसली. जर्मन टर्बो पेट्रोल, वन ओनर, ५८,००० किलोमीटर. मुलाच्या नंबरवरून फोन लावला आणि म्हणालो, उद्या सकाळी सातला येतो.

"सातला नको साहेब," तोच पोरगा म्हणाला, "दहाला या. गाडी तयार करून ठेवतो."