गीझर, 22 महिन्यांनंतर: रॉड संपला म्हणून टाकी वाचली

पाणी लवकर तापतं, बराच वेळ गरम राहतं, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते आतल्या मॅग्नेशियमच्या रॉडबद्दल.

सोळाव्या महिन्यात गरम पाण्याच्या जोडाखाली तांबूस थेंब दिसायला लागले. सर्व्हिसवाला आला, "पाणी खारं आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि निघाला. मी हट्टाने रॉड काढायला लावला. बोटभर जाडीच्या रॉडची फक्त मधली लोखंडी तार उरली होती, तिला पांढरा भुसभुशीत चुरा चिकटलेला. दीड वर्षही झालं नाही आणि रॉड संपला, म्हणजे माल हलका, असं म्हणून मी तेव्हा दोन तारे दिले.

ते मत मागे घेतो. झिजणं हेच त्या रॉडचं काम. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि दोघांना एकच पाणी लागलं, की बॅटरी तयार होते. जास्त सक्रिय धातू विरघळतो, दुसरा वाचतो. मॅग्नेशियमचं प्रमाण विभव (धातू किती सक्रिय ते सांगणारा आकडा, जितका जास्त उणे तितका सक्रिय) उणे 2.37 व्होल्ट, लोखंडाचं उणे 0.44. त्यामुळे टाकीच्या आतल्या पोलादावरच्या काचलेपाला तडा गेला तरी पोलादाआधी मॅग्नेशियम जातं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून रॉडही भराभर संपतो. जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवायला रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने 1824 मध्ये हीच युक्ती केली होती.

थेंबांचं कारण मात्र वेगळं निघालं. बसवणाऱ्याने तांब्याच्या पाइपला थेट जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, निपल (आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा) जोडला होता. तिथेही तीच बॅटरी. टाकीतला रॉड तिथवर पुरत नाही. टेफ्लॉन टेप होती, पण आटे आवळताना ती कापली जाते आणि धातूला धातू भिडतोच. निपल खोलला तर त्याचे आटे हातात चुरले, तांब्याला काहीही झालं नव्हतं. निपल एवढासा, तांबं लांबलचक. सगळा मारा छोट्यावर. आता मधे प्लास्टिकची बाही असलेलं डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातूंना एकमेकांना भिडू न देणारा जोड, आहे. थेंब बंद.

माझा राग पुस्तिकेवर आहे. "रॉड तपासावा" एवढंच छापलंय, कधी ते नाही. नवी टाकी घेण्यापुढे रॉडचा खर्च काहीच नाही!

नवा रॉड बसवला त्या दिवसाची तारीख गीझरवर लिहिली होती. परवा, सहा महिन्यांनी, वीज-पाणी बंद करून काढला: खड्डे पडलेत, टोकाकडे निम्मा झालाय. परत बसवला, तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. दोन ताऱ्यांचे चार केलेत.