अपक्ष की पक्षाचं तिकीट? वॉर्डातल्या कार्यकर्त्याची विधानसभा

नाला, पाणी, खड्डे यांचा पाठपुरावा करणारा कार्यकर्ता महाराष्ट्रात विधानसभेला उभा राहतो, तेव्हा फरक अर्जापासूनच पडतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो. अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. पलीकडच्या गल्लीतला सूचक दुसऱ्या मतदारसंघात निघाला की अर्ज बाद. म्हणून प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक आधी ताडून घ्या. चार अर्ज भरता येतात, तेव्हा वेगळ्या सूचकांचा दुसरा संच भराच.

पक्षवाल्याचा जीव टांगलेला असतो तो ए आणि बी फॉर्मवर, म्हणजे हाच आमचा उमेदवार असं सांगणाऱ्या पक्षाच्या पत्रांवर. शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत शाईच्या सहीनिशी आले नाहीत, तर तिकीट गेलंच; सूचक एकच असेल तर अपक्ष म्हणूनही तो टिकत नाही.

अनामत दोघांना १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना ५,०००), खर्चमर्यादा ४० लाख. नमुना २६ च्या शपथपत्रात (मालमत्ता, गुन्हे वगैरेंची माहिती देणाऱ्या) एकही रकाना कोरा नको, 'निरंक' लिहा.

अपक्षाची खरी अडचण चिन्हाची. ते माघारीनंतर मिळतं, म्हणजे घरोघरी पोचवायला जेमतेम दोन आठवडे. त्यात मतदान यंत्रावर नाव पक्षांच्या उमेदवारांखाली. ओळख एकाच प्रभागापुरती असेल तर हे फार जड जातं.

मात्र निवडून आल्यावर अपक्षावर कुणाचा व्हिप (मतदानाबाबत पक्षाचा आदेश) नाही. पाठिंबा कुणालाही देता येतो; पक्षप्रवेश केला तर मात्र आमदारकी जाऊ शकते.